रिकाम्या हातांची कवायत

आम्रपाली भानावर आली तेव्हा ती सोसायटीच्या फाटकाबाहेर भर रस्त्यात अनवाणी उभी होती आणि तिने दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरले होते. दुपारची वेळ होती. कोथरूडच्या त्या गल्लीत अशा वेळी कुत्रंसुद्धा उठून सावली बदलत नाही. एका स्कूटरवाल्या काकांनी तिला वळसा घालता घालता वेग कमी केला, "सावकाश उभ्या राहा, रस्ता आमच्यासाठी नाहीच आहे," असं म्हणून घेतलं आणि ते निघून गेले. वॉचमन दशरथ खुर्चीतून अर्धवट उठला होता. "ताई, चप्पल कुठं हाय तुमची? काय झालं?" त्याला काहीच जाणवलं नव्हतं. खाली जमिनीवर कुणालाच काही जाणवलं नव्हतं. कोयनेकडे कुठेतरी जमीन जराशी कूस बदलते, पुण्यात वरच्या मजल्यांवरचे पंखे डुलतात, मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागतात, आणि खेळ खलास. मग लोक एकमेकांना फोन करून "तुम्हाला कळलं का हो?" म्हणून विचारतात, आणि ज्यांना कळलं नाही त्यांना उगीचच काहीतरी हुकल्यासारखं वाटतं. आम्रपालीला वाट्यांचा तो आवाज ऐकल्याचं आठवत होतं. त्यानंतर एकदम तळपायाखालचं तापलेलं डांबर. दरवाजा, चार मजल्यांचा जिना, फाटक यांतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आणि त्या पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. हे ती पुढे कितीही नाकारू पाहत होती तरी खरं होतं. हात रिकामे आहेत, छान. मागे वळून पाहिलं नाही, छान. छातीत एक जुनी, शाळकरी ऐट भरून आली होती. आता कुणीतरी पाठीवर थाप मारील आणि "हिच्यासारखं पळा रे" असं बाकीच्यांना सांगेल, अशी. मग दशरथ म्हणाला, "बाळ झोपलंय व्हय वर?" तो सहज म्हणाला होता. वर मैत्री होती. दहा महिन्यांची तिची पोर पाळण्यात होती, आणि ती तिला टाकून पळाली होती. टाकून, हाच शब्द तिच्या मनात आला. त्याच्याऐवजी दुसरा सौम्य शब्द जिना चढता चढता ती शोधत होती आणि तो सापडत नव्हता. दार सताड उघडं होतं. पंखा फिरत होता. मैत्री तोंडात बोट घालून झोपलेली होती, तिला कशाचीच खबर नव्हती. आम्रपालीने तिला उचललं नाही. तिला उचलायचा आपल्याला आत्ता हक्क नाही असं तिला वाटलं. ती मोरीत गेली आणि कोपरापर्यंत हात धूत राहिली, त्यांना काही लागलेलं नसताना.

संध्याकाळी प्रज्ञेश हिंजवडीहून आला तो बॅग कोचावर टाकतच म्हणाला, "कोयनेचा झटका होता म्हणे. आमच्या फ्लोअरवर सगळे खाली उतरले, मॅनेजर सगळ्यात पुढे. तुला कळलं का गं?" तिने पोळी उलटवली. "वाट्या वाजल्या थोड्या," ती म्हणाली. "तुला काय होते म्हणा. तू तर भूकंपातच वाढलेली," प्रज्ञेश म्हणाला आणि हसला. त्यात चेष्टेपेक्षा कौतुक जास्त होतं. मित्रांमध्ये तो अभिमानाने सांगायचा की माझी बायको किल्लारीकडची आहे, नऊ वर्षांची असताना ढिगाऱ्यातून उभी राहिली, आज घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. हे ऐकून त्याचे मित्र तिच्याकडे जरा आदराने बघायचे आणि ती त्यांना भजी वाढायची. आता तो सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला ऑनसाइट चालला होता. येत्या रविवारचं विमान होतं. अशी संधी कंपनीत दोन वर्षं वाट पाहिल्यावर मिळते, आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा कुणी विचारत नाही. नागपुरात सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यामुळे सासूबाईंना घर सोडता येत नव्हतं. म्हणजे सहा महिने या चौथ्या मजल्यावर ती आणि मैत्री, दोघीच. महिनाभरापूर्वी हे ठरलं तेव्हा प्रज्ञेशने तिला विचारलं होतं, "राहशील ना एकटी?" आणि तिने विचारही न करता उत्तर दिलं होतं, "राहीन की." त्या रात्री तो बॅगेचं वजन करत असताना तिला सांगावंसं वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिने विचारलं, "स्वेटर घेतलास का?"

ती अशी का पळाली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाघोलीच्या ज्या वसतिगृहात ती वाढली तिथे पोरांना तसं पळायला शिकवलेलं होतं. भूकंपानंतर उमरग्याकडून, औशाकडून ट्रकांतून पोरं आणली, तेव्हा वाघोलीला चहूकडे नुसती माळरानं होती आणि नगर रस्त्यावरून एखादी एसटी गेली तरी पोरं खिडक्यांना लोंबकळायची. पहिल्या महिन्यात कुठे ट्रक धडधडला तरी रडारड व्हायची. प्रत्येक जण काहीतरी धरून पळायचा: कुणी ट्रंक, कुणी धाकटी बहीण, कुणी नुसती उशी. सगळी दारात अडकायची. एकदा त्या चेंगराचेंगरीत एका पोराचा हात मोडला. तेव्हा वसतिगृहाच्या संभाजी सरांनी कवायत सुरू केली. सर त्यांच्याच भागातले होते, त्यांचंही घर गेलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. ते पितळेच्या ताटावर लाटण्याने दणका द्यायचे, कधीही, जेवताना, अंघोळीच्या वेळी, पाढे म्हणताना. आवाज आला की जसं असेल तसं उठायचं आणि मैदानावर पळायचं. हातात काही घ्यायचं नाही. कुणाला धरायचं नाही. मैदानात पोहोचलं की दोन्ही हात पुढे करायचे आणि सर रांगेतून फिरत ओरडायचे, "हात दावा! हात दावा!" ज्याच्या हातात काही सापडेल त्याला पुन्हा पळावं लागायचं. सुरुवातीला आम्रपाली शेजारच्या कॉटवरच्या एका छोट्या मुलीला ओढत घेऊन यायची. सरांनी एक दिवस तिच्यासमोर उकिडवं बसून तिचे हात आपल्या हातात घेतले. "पोरी, ती तिच्या पायानं येतीया. तू तुझ्या पायानं यायचं. जी माणसं मागं फिरली ती गेली. ध्यानात ठेव." ते ओरडले असते तर ती कदाचित विसरली असती. त्यांचे डोळे भरलेले होते, म्हणून ते तिच्या हाडात जाऊन बसलं. त्यानंतर मैदानावर सगळ्यात आधी तीच पोहोचायची.

आणि सर म्हणत होते ते खोटं कुठे होतं? तिची आई मागे फिरली म्हणूनच गेली होती. विसर्जनाची रात्र होती, गाव उशिरापर्यंत लेझीम खेळून झोपलं होतं, आणि पहाटेच्या अंधारात जमिनीखालून बैलगाड्यांचा तांडा चालल्यासारखा आवाज आला. गावात ज्यांच्या भिंती हातभर जाड दगडांच्या होत्या त्यांची घरंच्या घरं गेली. बौद्धवाड्यात कुडाच्या भिंती आणि वर पत्रा, तिथे बरीच माणसं वाचली. गरिबीने वाचवलं, असं नंतर लोक म्हणायचे, आणि वर हसायचेही. आम्रपालीला आईने दंडाला धरून अंगणात भिरकावली होती. चंपा, तिची आई, स्वतःही अंगणात आली होती. ती बाहेर होती, पूर्ण बाहेर, तुळईपासून लांब. मग ती "भूषण" एवढंच म्हणाली आणि आत गेली. आम्रपालीचा धाकटा भाऊ बुद्धभूषण आत राहिला होता. त्यांच्या घराची मागची बाजू शेजारच्या गोदामाच्या दगडी भिंतीला टेकलेली होती. ती भिंत खाली आली. आम्रपालीने ते पाहिलं नाही, धुळीत काहीच दिसत नव्हतं. तिच्यापाशी उरली ती फक्त आईची आत जाणारी पाठ आणि हिरव्या लुगड्याचा सुटलेला काठ. वडील सोलापूरला सूतगिरणीत होते. ते दोन दिवसांनी आले, महिनाभराने तिला वाघोलीला सोडून गेले, आणि पुढे त्यांचं दुसरं घर झालं. आम्रपालीने आईवर किती वर्षं राग धरला याला गणती नव्हती. बाहेर आली होतीस ना? मग कशाला गेलीस? मी होते ना अंगणात? हा प्रश्न तिने कधी कुणापुढे उच्चारला नव्हता. आगाशेबाईंपुढेही नाही.

आगाशेबाई म्हणजे डॉक्टर विदुला आगाशे, नारायण पेठेत राहणाऱ्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक. भूकंपाच्या वर्षापासून त्या या मुलांच्या मागे होत्या. नैसर्गिक आपत्तीतून वाचलेल्या मुलांच्या मनाचा चिवटपणा मोजायचा, तोही दरवर्षी, ती मुलं मोठी होऊन कामाधंद्याला लागली तरी, असा त्यांचा संशोधनाचा विषय होता. पोरं पाठीमागे त्यांना आकडेबाई म्हणायची. बाई येताना शेंगदाण्याचे लाडू आणायच्या, प्रत्येकाला वेगळं बसवून विधानं वाचून दाखवायच्या आणि उत्तर विचारायच्या: नेहमी, बहुधा, कधी कधी, क्वचित की कधीच नाही. 'संकट आलं तर मी स्वतःला सावरू शकते.' 'मला भविष्याबद्दल आशा वाटते.' ज्यांचे आकडे कमी यायचे त्यांना आठवड्यातून दोनदा खेळाच्या तासाला बोलावणं यायचं. एका खोलीत बाहुल्या मांडलेल्या असायच्या आणि एक गोड आवाजाची ताई विचारायची, यातली आई कुठली? त्या खोलीत कुणालाच जायचं नसे. तेव्हा पोरांनी आपापसांत उत्तरं बसवून टाकली, आणि त्यात आम्रपालीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. सगळीकडे 'नेहमी' म्हणायचं नाही, बाईंना संशय येतो, मधे दोन ठिकाणी 'बहुधा' टाकायचं. स्वप्नांबद्दल विचारलं तर 'कधीच नाही' चुकूनही म्हणायचं नाही, त्यावर त्या उलट प्रश्न करतात. 'क्वचित' म्हणायचं आणि किंचित हसायचं. धाकट्या पोरांकडून ती हे घोटून घ्यायची. पुढे बाईंनी आपल्या व्याख्यानांतून वाघोलीच्या मुलांचं उदाहरण द्यायला सुरुवात केली, आणि त्या मुलांमध्ये सगळ्यात वरचा आकडा दरवर्षी एकाच मुलीचा असायचा. आम्रपालीला ते खोटं वाटत नव्हतं. इतकी वर्षं एकच उत्तर दिलं की ते आपल्या आवाजासारखं आपलंच होऊन जातं. परवापर्यंत कुणी विचारलं असतं तर तिने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की संकटात मी स्वतःला सावरते. नेहमी.

झटक्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने मैत्रीला ओढणीने अंगाशी बांधून ठेवायला सुरुवात केली. पोर पाठीशी असली की हात रिकामे राहिले तरी हरकत नव्हती. पण दिवसभर कुणी बांधून घेत नाही. मैत्री रांगायला शिकली होती, हातपाय झाडायची, ओढणी चावायची, शेवटी भोकाड पसरायची. मग प्रज्ञेश ऑफिसला गेल्यावर आम्रपालीने दार लावून घेतलं, स्टीलचं ताट काढलं आणि लाटण्याने वाजवलं. वाजवायचं आणि आधी पाळण्याकडे धावायचं, पोरीला उचलायचं, मग दार. ते तिला सहज जमलं. दहादा जमलं. पण त्यात काही अर्थ नव्हता, कारण ताट तिचं तिनेच वाजवलेलं होतं. गुदगुल्या आपल्या आपल्याला होत नाहीत, तसंच हे. चौथ्या मजल्यावरून एक बाई दुपारभर ताट बडवते म्हणून खालच्या जोशीकाकूंनी इंटरकॉमवरून विचारलं, "आज ग्रहण आहे का हो?" आम्रपाली सॉरी म्हणाली आणि जमिनीवर बसली. ताट दुसऱ्या कुणीतरी वाजवायला हवं होतं. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणजे आधी सगळं सांगायचं, आणि सांगितलं की प्रज्ञेशचं जाणं रद्द होणार, त्याच्या डोळ्यांतलं ते कौतुक जाणार, आणि त्याच्या जागी काय येईल ते तिला बघवलं नसतं. नाही सांगितलं तर रविवारनंतर वाट्या वाजतील त्या दिवशी घरात पाळणा असेल आणि मैत्रीला उचलणारं कुणी नसेल. या दोन्हींच्या मधे उभं राहायला जागाच नव्हती. मैत्री रांगत आली आणि ताटात आपलं तोंड बघून हसली. आम्रपालीला तेव्हा पहिल्यांदा आईचा राग आला नाही. हेवा वाटला. आईला कुणी काही शिकवलेलं नव्हतं, तिचे पाय तिचेच होते, आणि ते आत गेले.

गुरुवारी आगाशेबाई आल्या. हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं, त्या निवृत्त होणार होत्या. चार मजले चढून त्यांना धाप लागली होती. "लिफ्ट बंद आहे असं खाली लिहिलंय, पण कधीपासून ते लिहिलेलं नाही," त्या बसता बसता म्हणाल्या. मैत्री नुकतीच झोपली होती. बाईंनी पाळण्यात डोकावून पाहिलं, पर्समधून लाडवांचा डबा काढला, चष्मा बदलला आणि विधानं वाचायला घेतली. आम्रपालीची उत्तरं आपोआप येत होती. नेहमी. नेहमी. बहुधा. शेजारी कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या येत होत्या. ती स्वतःचा आवाज ऐकत होती: शांत, किंचित हसरा. वाघोलीच्या व्हरांड्यातली ती दोन वेण्यांची मुलगीच इथे बसून बोलते आहे असं तिला वाटलं, आणि त्या मुलीची तिला भीती वाटली. "संकट आलं तर मी स्वतःला सावरू शकते," आगाशेबाईंनी वाचलं आणि उत्तराची वाट न बघता खूण करायला पेन टेकवलं. "बाई," आम्रपाली म्हणाली, "थांबा."

मग तिने सांगितलं. कवायत, ताट, रिकामे हात, परवाचा झटका, पाळणा. पोरांनी बसवलेली उत्तरंही सांगितली, कारण आता काही मागे ठेवण्यात हशील नव्हतं. आगाशेबाईंचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "अगं, एकदा घडलं म्हणजे नेहमी घडेल असं नाही. तू घाबरली होतीस. शास्त्र असं सांगतं..." "शास्त्र राहू द्या बाई," आम्रपाली म्हणाली. बाईंना असं तोडून ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्ही मला इतकी वर्षं विचारताय. आज विचारू नका, बघा. हे ताट घ्या. मी आत काम करते. माझं लक्ष नसेल तेव्हा वाजवा. मला कळू देऊ नका." आगाशेबाई ताटाकडे बघत राहिल्या. "हे माझ्या पद्धतीत बसत नाही गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता. "तुमच्या पद्धतीने रविवारपर्यंत काही होणार नाही," आम्रपाली म्हणाली आणि लाटणं त्यांच्या हातात दिलं.

ती स्वयंपाकघरात गेली. आधी काही वेळ तिच्या पाठीला नुसते कान फुटले होते. बाई ताट मांडीवर घेऊन बसल्या असतील, आत्ता वाजेल, आत्ता. काहीच वाजलं नाही. तिने भांडी घासली. वाळलेले कपडे काढले. बाहेरून आगाशेबाईंनी सुनेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सून बंगलोरला असते, फोनवर 'हाय मम्मी' म्हणते, मम्मी म्हणजे मी, असं काहीबाही. आम्रपालीला हसू आलं. तिने दूध तापायला ठेवलं. बाई विचारत होत्या, अळूवड्यांना चिंच घालतेस की आमसूल, आणि ती चिंच म्हणणार होती. दूध वर यायला लागलं, तिने सांडशी घेतली.

सांडशी कुठे पडली ते तिला कळलं नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला आपटून ती थांबली, आणि तेसुद्धा आपण होऊन नव्हे. खांद्यातून कळ गेली म्हणून. वरून कुठूनतरी ताटाचा नाद अजून जिन्यात घुमत होता. पाय पुढे जायला बघत होते. तिने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पायांना धरून ठेवावं तशी उभी राहिली. छातीत ती ऐट पुन्हा भरून आली होती. मग ती वर जायला निघाली. एकेक पायरी चढताना तिला वाटत होतं की मजला अजून लांब असावा, दार अजून यायला नको. दारात आगाशेबाई ताट पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं नाही. "दूध उतू गेलं," त्या म्हणाल्या. "गॅस बंद केलाय मी."

मैत्री एवढ्या आवाजातही उठली नव्हती. आम्रपालीने फोन उचलला आणि प्रज्ञेशचा नंबर फिरवला. पलीकडे गलका होता. त्याला निरोप द्यायला कुणीतरी केक आणला होता. "अगं, बोल लवकर, इथे सगळे थांबलेत," तो म्हणाला. "तू जाऊ नकोस," आम्रपाली म्हणाली. "काय?" "जाऊ नकोस. नाहीतर जाताना मैत्रीला नागपूरला आईंकडे ठेवून जा. मी तिच्याबरोबर एकटी राहू शकत नाही." तो हसला, मग हसायचा थांबला. "काहून? काय झालं? तब्येत ठीक आहे ना तुझी?" पलीकडचा गलका हळूहळू कमी झाला, तो बहुतेक बाजूला गेला असावा. आगाशेबाई पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या. आम्रपालीला आपल्या तोंडात ते दुसरं उत्तर तयार असलेलं जाणवलं, शांत आणि किंचित हसरं. ते तिने गिळलं.

"जमीन हलली की मी तिला टाकून पळते," ती म्हणाली. "परवा पळाले. आत्ताही पळाले, प्रज्ञेश. मला तिची आठवणसुद्धा येत नाही."

तिने फोन ठेवला नाही, आणि पुढे काही जोडलंही नाही. मग तो म्हणाला, "मैत्री कुठे आहे आत्ता?" हा प्रश्न त्याने ज्या आवाजात विचारला तो आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता. त्यात कौतुक नव्हतं, रागही नव्हता. भीती होती, आणि त्याला ती आम्रपालीचीच वाटत होती.

"पाळण्यात," आम्रपाली म्हणाली. "आगाशेबाई आहेत. तू येईपर्यंत मी त्यांना जाऊ देणार नाही."